आधी कोणाला थांबवायचे, सुजाता?

सुजाता,

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. साउंड कार्डच्या ड्रायव्हरमध्ये तू केलेली शेवटची दुरुस्ती बरोबर होती का?

गेलेल्या माणसाविषयी लिहिताना प्रश्नाने सुरुवात करू नये, असे मला एकाने सुचवले. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण आपल्या दोघांमध्ये प्रश्नाशिवाय दुसरे काही फारसे नव्हतेच. तू तंत्रनिकेतनात माझ्या वर्गात होतीस तेव्हाही नव्हते, आणि मी निवृत्त होऊन धुळ्यात घरी बसलो, तू जळगावात नोकरीला लागलीस, त्यानंतरही नव्हते. फोन लावायचीस आणि ‘कसे आहात’ न विचारता थेट मुद्द्यावर यायचीस. मला ते आवडत असे. हे मी तुला कधी सांगितले नाही.

भडगावला, तुझ्या गावी, झालेल्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितले की तू कॉम्प्युटरवर गाणी बसवायचीस. दुसऱ्याने सांगितले की तू कॉम्प्युटर दुरुस्त करायचीस. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि माझा हात वर जायला निघाला होता. वर्ग असता तर गेलाही असता. सभा होती म्हणून आवरला, आणि त्याचा त्रास मला अजून होतो आहे. तेव्हा तुला ठाऊक असलेलेच थोडे पुन्हा सांगतो. कंटाळू नकोस. बाकांवर इतरही बसले आहेत.

संगणकावर गाणे लागते, आवाज रेकॉर्ड होतो, तेव्हा तो आवाज ड्रायव्हर नावाच्या एका छोट्या प्रोग्राममधून जातो. हा ड्रायव्हर संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, राहतो. साध्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमध्ये चूक झाली तर सगळा संगणक जागच्या जागी गोठतो. ज्या कर्नलवर तू काम करायचीस तो जगातले कोणीही वाचू शकते आणि कोणीही दुरुस्ती सुचवू शकते. दुरुस्ती सर्वांदेखत ई-पत्राने पाठवायची, जाणकारांनी तिच्यावर शंका काढायच्या, शंकांना उत्तरे द्यायची, आणि मगच ती आत जायची. कंपनीचे काम संपवून उरलेल्या वेळात तू हे करायचीस. गाणी बसवत नव्हतीस.

आता त्या चुकीकडे येतो.

रविवारी तू भडगावला घरी असायचीस. विहारात वंदना झाली की अक्का (तुझ्या आईला सारे गाव अक्काच म्हणते) ती घरी सावकाश पुन्हा म्हणायच्या आणि तू रेकॉर्ड करायचीस, लहान मुलांना उच्चार शिकवता यावेत म्हणून. मधेच तुझा लॅपटॉप गोठायचा. तोच लॅपटॉप, तेच बाहेरून वायरीने जोडायचे साउंड कार्ड, तीच वायर घेऊन तू जळगावच्या खोलीवर बसायचीस, तर काही व्हायचे नाही. जळगावात न दिसणारी चूक भडगावात दिसते, याचा अर्थ काय, असे तू मला फोनवर विचारलेस. मी म्हणालो, दोन्ही ठिकाणी सारखे काय आहे याची यादी पुरे, वेगळे काय आहे ते सांग. तू एकेक गोष्ट मोजत गेलीस. मग हसू लागलीस.

वेगळ्या होत्या अक्का. आपल्याकडे दिवा लुकलुकला की माणूस आधी वायरी उपटतो. विजेचा दाब एकदम वाढून एखाद्याच्या घरातला टीव्ही जळालेला असतो आणि तो धडा सगळी गल्ली गिरवते. अक्कांचा नियम मी त्यांच्याच तोंडून ऐकला आहे: “लाइट हालनी का पहिले वायर काढी लेवानी.” रेकॉर्डिंग थांबवणे, प्रोग्राम बंद करणे, मग वायर काढणे, हा पुस्तकातला क्रम त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हता. भिंतीतली पिन निघायची आणि त्याच झटक्यात संगणकातून साउंड कार्डाचीही वायर निघायची. आवाज आत येत असतानाच.

तू चूक कळवलीस तेव्हा परदेशातल्या एका जाणकाराने, अगदी सभ्यपणे, विचारले होते की रेकॉर्डिंग चालू असताना वायर कोण काढतो? तू उत्तर दिलेस, “माझी आई, आणि आमच्या भागातल्या बहुतेक आया.” हे उत्तर अजून तिथे सर्वांना वाचायला आहे. मी ते अधूनमधून उघडतो.

चूक कशी होती, ते वर्गखोलीच्या उदाहरणाने सांगतो. हे उदाहरण माझे. तुला ते बाळबोध वाटायचे.

समजा, एक खोली आहे आणि आत एक विद्यार्थी फळ्यावर लिहितो आहे. कार्यालयाने खोली रिकामी झाली असे धरले आणि ती दुसऱ्या वर्गाला दिली. पहिला विद्यार्थी आतच आहे. त्याला काही कळलेले नाही. तो लिहीत राहतो, आणि दुसऱ्या वर्गाच्या फळ्यावर त्याचे आकडे उमटतात. संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, नेमके हेच होते. वायर निघाली की ड्रायव्हर आपली जागा मोकळी करतो. पण आवाजाची पातळी मोजण्याचे एक छोटे काम अजून त्याच जागेत चालू असते. ते मोकळ्या केलेल्या, कदाचित दुसऱ्याला दिलेल्या जागेत लिहिते. मग संगणक गोठतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गोठत नाही आणि चुकीचे चालत राहतो. दोन कामे एकाच वेळी धावतात आणि आधी कोण पोचेल यावर निकाल ठरतो, म्हणून तुम्ही लोक हिला शर्यत म्हणता.

कोणीतरी सुचवले होते की जागा मोकळी करण्याआधी थोडा वेळ थांबा, म्हणजे आतले काम आपोआप संपेल. तू चिडली होतीस. “सर, हे म्हणजे देवाला नमस्कार करून कोरा पेपर देणं झालं,” म्हणालीस. विलंब चूक शोधायला वापरावा, झाकायला कधीही वापरू नये, हा नियम तू मला तेव्हा सांगितलास. शिक्षकाने विद्यार्थिनीकडून घेतलेला नियम आहे. तो पुढे लागणार आहे.

तुझी दुरुस्ती अशी होती. वायर निघाली की आधी दारावर पाटी लावायची, ‘खोली बंद’. मग आत काम चालू असेल तर ते संपेपर्यंत उभे राहायचे. खोली रिकामी दिसली की मगच कार्यालयाला द्यायची. पाटी लागल्यावर नवे काम कोणी आत पाठवणार नाही, म्हणून जागा मोकळी करणे सुरक्षित आहे, असे तू सोबतच्या टिपणात लिहिलेस आणि पाठवण्याआधी ते टिपण मला वाचायला दिलेस. मराठीत असो वा इंग्रजीत, तुझे प्रत्येक टिपण माझ्या नजरेखालून जायचे. मी कर्नलचा जाणकार नाही. वाक्यातला ‘म्हणून’ खरा आहे की नुसता बसवलेला, एवढे मला कळते.

आणि तो ‘म्हणून’ मला खटकला.

मी विचारले, काम पाठवणारा पाटी पाहतो आणि मग काम पाठवतो, या दोन क्रिया आहेत ना? मग त्या दोहोंच्या मध्ये काय होते?

तू म्हणालीस, मध्ये काही नाही.

मी म्हणालो, मध्ये काही नाही हे सिद्ध कर.

किती वेळा यावर बोललो आपण. तू म्हणायचीस, पाहणे आणि पाठवणे या लागून आलेल्या दोन ओळी आहेत, त्यांच्यात सुईसुद्धा जाणार नाही. मी म्हणायचो, लागून आलेल्या आहेत हे कागदावर. यंत्रात अनेक प्रोसेसर एकाच वेळी चालतात हे तूच मला शिकवलेस. एकाने पाटी पाहिली, नव्हती. तेवढ्यात दुसऱ्याने पाटी लावली, आत डोकावून पाहिले, खोली रिकामी, कार्यालयाला दिली. मग पहिल्याने विद्यार्थी आत पाठवला. त्याने पाटी पाहिली होती, प्रामाणिकपणे पाहिली होती. लागण्याआधी पाहिली होती, इतकेच.

तू मान्य केले नाहीस. तू आणि अक्कांनी मिळून ती वायर उपटून उपटून पाहिली होती आणि संगणक एकदाही गोठला नव्हता. “बठ्ठं बराबर शे, सर,” तू म्हणालीस, म्हणजे सगळे बरोबर आहे. रागावलीस की तू अहिराणीत शिरायचीस. “तुम्हीच मागच्या बाकवर बसेल शेतस.” मागच्या बाकावरच्याला समजले तरच सिद्धता पूर्ण झाली, हे माझे वर्गातले पालुपद. तेच तू मला परत केलेस. टोमणा उत्तम होता. उत्तर नव्हते.

कर्नलच्या कामात एक रीत आहे, ती वाचकांसाठी सांगतो. दुरुस्तीखाली करणाऱ्याची सही असते. त्याखाली, दुसऱ्या कोणी ती ओळीओळीने तपासून पटली असे जाहीर केले तर, ‘तपासले’ म्हणून त्याचे नाव येते. तुला तिथे माझे नाव हवे होते. जाणकारांची नावे तुला मिळाली असती, पूर्वी मिळालीही होती. हट्ट माझ्या नावाचा होता. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, “सर, तुम्ही नुसतं ‘सिद्ध कर’ म्हणता. एकदा तरी ‘बरोबर आहे’ म्हणा ना.”

मी म्हणालो, उत्तर दे, लगेच म्हणतो.

तू ‘बघते’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. दुरुस्ती तू पाठवून दिलीस, माझ्या नावावाचून. मग तुला ताप आला.

माझ्याकडून इथे पश्चात्ताप अपेक्षित आहे, हे मला कळते. भेटायला येणारेही तो शोधतात. ‘म्हणायला हवं होतं हो तुम्ही,’ असे एकीने मला हळूच सांगितले. नव्हते म्हणायला हवे. जे मला पटले नव्हते त्याला मी बरोबर म्हटले असते तर त्या शब्दाची तुला काय किंमत राहिली असती? आज तू फोन केलास तर मी पुन्हा तेच विचारीन. माझा राग वेगळा आहे. वाद अर्धा टाकून जायची सवय तुला कधीच नव्हती, आणि नेमका हा एक वाद तू अर्धा ठेवलास. मी कोणावर रागवावे? ज्याच्यावर रागवायचे तो माणूस समोर असावा लागतो.

त्यात भर म्हणून एक ई-पत्र आले. ती पत्रे सर्वांना दिसतात, म्हणून मलाही दिसले. तुझ्या दुरुस्तीवर त्या परदेशी जाणकाराने शंका काढली होती: पाटी पाहणे आणि काम पाठवणे यांच्यामध्ये पाटी लागली तर? माझाच प्रश्न, जवळजवळ माझ्याच शब्दांत. काही दिवसांनी त्याने आठवणही करून दिली, की तुमच्या उत्तराची वाट पाहतो आहे. त्याला काय ठाऊक. मी धुळ्याच्या घरात त्या पडद्यासमोर बसलो, आणि आपला प्रश्न योग्य होता याचा जो आनंद शिक्षकाला व्हायला हवा तो मला मुळीच झाला नाही. नुसता संताप आला. दोघे जण एकच प्रश्न विचारत होते आणि उत्तर देणारी नव्हती.

म्हणून मी पारोळ्याला गाडी बदलून भडगावला गेलो.

अक्कांनी साउंड कार्ड फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवले होते. मी का आलो ते सांगितले. त्यांनी चहा ठेवला आणि संगणकासाठी टेबल पुसून दिले. स्मृतीवर पहारा ठेवणारा कर्नल तूच माझ्या लॅपटॉपवर बसवून दिला होतास. मोकळ्या केलेल्या जागेला कोणी हात लावला की तो लगेच अहवाल देतो. त्यात, तू लिहून दिलेल्या पायऱ्यांनी, मी तुझी दुरुस्ती घातली. आणि तुझाच नियम वापरला. पाटी पाहणे आणि काम पाठवणे या दोन ओळींच्या मध्ये, जिथे सुईसुद्धा जाणार नाही असे तू म्हणायचीस, तिथे मुद्दाम विलंब घातला. यंत्र सावकाश केले. आधी जी फट डोळ्यांना दिसत नव्हती ती रुंद केली. विलंबाने नवी चूक जन्माला येत नाही. असलेली फक्त दिसू लागते.

रेकॉर्डिंग सुरू केले. अक्कांना म्हटले, तुम्ही वंदना म्हणा आणि वाटेल तेव्हा वायर काढा, नेहमीसारखी. त्या म्हणू लागल्या. मधल्याच एका ओळीवर त्यांचा आवाज अडला आणि हात वायरीकडे गेला. दिवा लुकलुकला नव्हता.

पडद्यावर अहवाल उमटला. मोकळ्या केलेल्या जागेत लिहिले गेले होते. लिहिणारे काम कोणी पाठवले आणि जागा कोणी मोकळी केली, हे खाली क्रमाने दिले होते. मी सांगितले होते त्याच क्रमाने.

अक्कांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“म्हंजे पोर चुकनी का, सर?”

वर्गात या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणत असे. तिथे मला नीट सांगावे लागले. मी म्हणालो, अक्का, आधी थांबवायचे आणि मग जागा मोकळी करायची, हे तिचे बरोबर होते, आणि तेच मुख्य आहे. तिने काम करणाऱ्याला थांबवले. काम देणारा राहून गेला. वायरीतून आवाजाचा तुकडा आला की जो काम पाठवतो, त्यालाच आधी थांबवायला हवे. मग काम करणाऱ्याला. मग जागा मोकळी.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तिले हाई पटतं का?”

तुला पटले असते का? लगेच नाही. आधी तू म्हणाली असतीस की विलंब घालून तर काहीही दाखवता येते. मग मी तुझाच नियम तुला ऐकवला असता. मग तू फोन ठेवला असतास आणि नंतर, उशिरा, फोनवर निरोप आला असता: ‘ठीक. पण टिपणातला माझा दुसरा परिच्छेद चांगला होता.’ तो चांगला होता, सुजाता. त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही.

क्रम बदलला. दोन ओळी वर नेल्या. आवाजाचे तुकडे आणणारी यंत्रणा आधी थांबवायची आणि ती खरोखर थांबेपर्यंत उभे राहायचे. मग मोजणीचे काम रद्द करायचे आणि तेही संपेपर्यंत उभे राहायचे. थांबलेले काम तुकडे आणणाऱ्याला पुन्हा जागे तर करत नाही ना, हेही ओळीओळीने पाहिले. मधला विलंब तसाच ठेवला. अक्कांनी पुन्हा वंदना म्हटली, पुन्हा वायर काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. त्या दमल्या नाहीत. दुपार झाली तरी अहवाल आला नाही. एकदा त्या वायर हातात धरूनच हसल्या आणि म्हणाल्या की पोरीने आयुष्यभर वायर काढू नको म्हणून सांगितले आणि सर काढा म्हणतात.

त्या परदेशी जाणकाराला मी लिहिले. तू आता उत्तर देऊ शकणार नाहीस, हे एका वाक्यात सांगितले. सोबत दुरुस्ती पाठवली. लेखिका म्हणून तुझे नाव आहे, तुझी सही आहे. खाली कंसात मी काय बदलले ते आहे आणि माझी सही आहे. त्याचे उत्तर आले. त्यात सांत्वनाच्या दोन ओळी होत्या, भडगावच्या आयांची आठवण होती, आणि शेवटी एक कामाची सूचना होती. तपासणारे नाव अजून कोणाचे नाही, ते कोणीतरी द्यावे.

ती सूचना वाचून मला माझी खरी अडचण कळली. मी आता ते नाव देऊ शकत नाही. ज्याचा हात कामाला लागला तो त्या कामाचा तपासनीस राहत नाही. आपला पेपर आपण तपासू नये, हे मी उभ्या आयुष्यात वर्गाला शिकवले. तुझ्या दुरुस्तीतली फट बुजवताना मी दुरुस्ती करणाऱ्यांत जमा झालो, आणि ज्या ओळीवर तुला माझे नाव हवे होते ती ओळ माझ्या हातून कायमची गेली. वाद मी जिंकलो. जिंकल्याचे हेच काय ते मिळाले.

तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे, ते देतो. तुझी दुरुस्ती बरोबर होती का? क्रमाची कल्पना बरोबर होती. एका वाक्यातला ‘म्हणून’ बरोबर नव्हता. आता, बदलानंतर, माझ्या मते ती पूर्ण बरोबर आहे. बरोबर आहे, सुजाता. म्हटले मी.

पण हा शब्द आता एका सहकाऱ्याचा आहे, तपासनिसाचा नाही. आणि अहवाल आला नाही म्हणजे चूक उरली नाही, असे होत नाही. एवढ्यावर समाधान मानणारी तू होतीस आणि त्यावरच आपला वाद होता.

म्हणून वाचकांना, विशेषतः तंत्रनिकेतनाच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना, विनंती आहे. दुरुस्ती सर्वांसाठी खुली आहे. ती ओळीओळीने वाचा. काम देणारा आधी थांबतो का, ते पाहा. पाहणे आणि पाठवणे यांच्यामध्ये तुमचा स्वतःचा विलंब घाला, रेकॉर्डिंग सुरू करा आणि घरातल्या कोणालातरी न सांगता वायर उपटू द्या. चूक सापडली तर जाहीर लिहा, सुजाताचे नाव आहे म्हणून संकोच करू नका. नाही सापडली आणि मनापासून पटले, तर ‘तपासले’ असे लिहून खाली तुमचे नाव द्या. माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वतः तपासा.